मैदान सोडून गेलेला कॅप्टन

सामना सुरू होण्याआधी जोमादादा बूट काढून ठेवत आणि अनवाणी सगळं मैदान पालथं घालत. काचेचा तुकडा, तारेचं वेटोळं, टोकदार खडी, जे पायाला लागेल ते उचलून शर्टाच्या ओच्यात गोळा करत. आपला अर्धा भाग झाला की थेट समोरच्यांच्या अर्ध्यात जात. मी टीममध्ये नवा होतो तेव्हा त्यांना विचारलं होतं, की तिकडचं ते लोक बघून घेतील, तुम्ही कशाला वाकता? ते म्हणाले, "तिकडंबी मानसंच पलनार हायेत."

जोमा भोईर हे आमचे कॅप्टन. भिवंडीजवळच्या दापोड्याचे. घरची भातशेती थोडी, म्हणून भिवंडीत लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, आलेले. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या शेठनी कारखान्याची फुटबॉल टीम काढली. त्यांच्या साठ-सत्तर लूम होत्या आणि सुताला खळ लावायची एक सायझिंग. टीममधला प्रत्येक जण कागदोपत्री कामगार होता. अर्धी शिफ्ट करायची, दुपारी मैदानावर यायचं आणि पगार पूर्ण घ्यायचा. टीममध्ये दापोडे आणि वळ गावचे आगरी होते, भिवंडीचे मोमीन होते, आझमगडकडून आलेले दोन भाऊ होते. शाळामास्तराचा मुलगा मी एकटाच. मी फोल्डिंग खात्यात तागे मोजायचो आणि राइट बॅकला खेळायचो.

जोमादादा तेव्हा पस्तिशीचे असतील. उंची बेताची, छाती रुंद, डाव्या भुवईवर टाक्यांची खूण. बचावात मधोमध, स्टॉपरला खेळायचे. वेग त्यांच्यात कधीच नव्हता. पण बॉल कुठे येणार हे त्यांना आधी कळायचं, त्यामुळे धावायची वेळ फारशी यायची नाही. नवा खेळाडू घ्यायचा असला की शेठ त्यांना बोलावत. तो पोरगा गोलामागून गोल मारत असायचा आणि हे भलतीकडेच बघत बसायचे. एकदा शेठ वैतागले, की मी पोरगा दाखवतोय आणि तुझं लक्ष कुठे आहे. जोमादादा शांतपणे म्हणाले, "बॉल पायात असतो तवा सगलेच चांगले. बॉल दुसऱ्याकडं गेला की तो काय करतो, ते बघतोय." तो पोरगा त्यांनी घेतला नाही. जोडीदाराकडून पास चुकला की तो हात झटकून उभा राहतो, एवढंच कारण त्यांनी दिलं.

मला मात्र त्यांनी घेतलं. हे मी विसरू शकत नाही.

ज्या सामन्याबद्दल सांगायचं आहे तो ठाण्याला झाला. स्पर्धेची उपांत्य फेरी होती आणि समोर मुंबईच्या एका कंपनीची टीम. त्यांचा अकरा नंबरचा खेळाडू वसईचा, नाव फ्रान्सिस. वीस-एकवीस वर्षांचा, सडपातळ. एका बँकेची त्याच्याशी बोलणी चालली होती. दिवाळीनंतर तो तिथे नोकरीला लागणार, असं सगळेच बोलत होते. तो माझ्याच बाजूने खेळत होता. पहिल्या अर्ध्या तासात त्याने मला चार वेळा मागे टाकलं. एकदा तर मी वळेपर्यंत तो गोल मारून परतही फिरला होता. मध्यंतराच्या तोंडाशी आम्ही कशीबशी बरोबरी केली.

मध्यंतराला शेठ आमच्या तंबूत आले. बाकीच्यांशी काही बोलले नाहीत. सरळ माझ्यासमोर उभे राहिले. त्यांनी मुंबईतल्या एका मिलच्या टीमकडे माझ्यासाठी शब्द टाकला होता. ती पक्की नोकरी होती आणि घरी त्यावर रोज बोलणं व्हायचं. ते हळू आवाजात हिंदीत म्हणाले, "वो ग्यारा नंबर दूसरे हाफ में भागना नहीं चाहिए. समझा?"

मी मान डोलावली. जोमादादा बाजूलाच बुटाची नाडी बांधत बसले होते. हात तसेच ठेवून ते बोलले, "शेठ, आमी तसं खेलत न्हाय."

"मैं इससे बात कर रहा हूँ," शेठ म्हणाले आणि बाहेर गेले.

मैदानावर जाताना जोमादादांनी माझ्या मानेवर हात ठेवला. म्हणाले, "तू बॉलकडं बघ. नंबरकडं बघू नको." एवढंच. मला त्यांनी बदललं नाही, दुसऱ्या बाजूलाही पाठवलं नाही. ते का, हे मला पुढे ठाण्याच्याच एका खोलीत कळायचं होतं.

शेवटची वीस मिनिटं राहिली. फ्रान्सिसने बॉल घेतला, मला बाहेरच्या बाजूने हूल दिली आणि आत शिरला. मी चकलो होतो. बॉल माझ्यापासून हातभर पुढे गेला होता आणि तो मला मिळणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. तरी मी दोन्ही पायांनी झेप घेतली. लाकूड मोडल्यासारखा आवाज आला. पुढे कितीतरी वर्षं मी लोकांना सांगत राहिलो, की मी घसरलो. पाऊस जाऊन तीन आठवडे झाले होते आणि मैदान कोरडं ठाक होतं.

पंच लांब होता. त्याने फ्री किक दिली आणि मला नुसती समज दिली. फ्रान्सिस ओरडला नाही. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता आणि तो आपल्या पायाकडे बघत होता. गुडघ्याखाली पाय जिथे वळायला नको तिथे वळला होता. सगळे भोवती जमले, पण हात लावायला कोणी धजेना. जोमादादा आले, खाली बसले आणि त्यांनी तो पाय दोन्ही हातांत धरून ठेवला. कुठून तरी एक फळी आणली गेली. तिच्यावर घेतानाही त्यांनी हात काढले नाहीत. लोक फळी उचलून निघाले तसे तेही पाय धरून वाकत वाकत बरोबर चालू लागले. मैदानाची रेघ ओलांडली, तंबू मागे पडला, तरी ते थांबले नाहीत.

आमचा कोणीतरी मागून हाक मारत होता, की दादा, सामना बाकी आहे. बदली खेळाडू संपले होते. ते टॅक्सीत बसून हॉस्पिटलला गेले आणि आम्ही दहा जण खेळलो. आणि जिंकलोसुद्धा. शेवटच्या मिनिटाला आझमगडच्या धाकट्या भावाने डोक्याने गोल केला. लोकांनी त्याच्यासोबत मलाही खांद्यावर घेतलं. शेठनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. मी हसत होतो, आणि कोणाच्या डोळ्यांत बघायला नको म्हणून एकसारखी मान फिरवत होतो.

अंतिम सामना आम्ही हरलो. तो जोमादादांशिवाय खेळलो. शेठनी त्यांना वगळलं होतं.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी ते आमच्या घरी आले. माझे वडील ओटीवर पेपर वाचत होते. दोघं शाळेविषयी, भाताच्या पिकाविषयी बोलत बसले. मी आतल्या खोलीत दाराआड उभा होतो. आता सांगतील, पुढच्या वाक्याला सांगतील, असं वाटत होतं. वडिलांनी आयुष्यात कधी खोटी सही केली नव्हती. पण जोमादादा त्यातलं काही बोललेच नाहीत. चहा पिऊन उठले आणि मला म्हणाले, की वसईला जायचं आहे, चल.

फ्रान्सिसचं घर केळीच्या वाडीत होतं. तो पडवीत खाटेवर पडला होता, पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये. त्याची आई लाल काठाचं लुगडं नेसलेली, बोलायला कमी. तिने जोमादादांना ओळखलं, हॉस्पिटलात पाहिलं होतं. माझ्याकडे बघून विचारलं, हा कोण. जोमादादा म्हणाले, "माजा राइट बॅक."

मग फ्रान्सिसच बोलला. "तू घसरलास ना?"

"हो," मी म्हणालो.

"मलाही तसंच वाटलं," तो म्हणाला. त्याच्या आईने सुस्कारा सोडला आणि आमच्यासाठी केळी आणायला आत गेली. जोमादादांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

परतीची एसटी यायची होती. जोमादादा म्हणाले, "त्या पोरानं तुला दार उघडून दिलं, वसंता. आत येशील म्हनून. तू त्यातूनच पलालास."

मुंबईच्या कंपनीने तक्रार केली होती. पंधरा दिवसांनी ठाण्याला चौकशी ठेवली. आदल्या दिवशी शेठनी सगळ्यांना बोलावून घेतलं आणि काय बोलायचं ते पढवलं: मैदान घसरडं होतं, पोरगा घसरला. जोमादादा त्या बैठकीला आले नाहीत. चौकशीच्या दिवशी सकाळी मात्र ते स्टँडवर माझी वाट बघत उभे होते. माझी झोप उडालेली, बहुधा त्यांचीही. ते म्हणाले, "मी तुजं नाव घेनार न्हाय. ते तुजं काम हाय. माजं जेवढं हाय तेवढं मी सांगनार."

एका लहानशा खोलीत टेबलामागे स्पर्धेच्या समितीची तीन माणसं बसली होती. शेठ भिंतीशी खुर्चीवर, आम्ही बाकावर. मला आधी विचारलं. मी घसरलो म्हणालो. वाक्य पाठ होतं, पण आवाज माझा वाटला नाही. मग जोमादादा उभे राहिले. त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता.

"मध्यंतराला अकरा नंबरला पाडायचा हुकूम झाला," ते म्हणाले. "तो मी या कानांनी ऐकला. मी कॅप्टन व्हतो. ज्याला हुकूम झाला त्याला मी बाहेर बसवायला पायजे व्हतं. मी बसवला न्हाय. कारन त्याच्या जागी घ्यायचा पोरगा कच्चा व्हता, आनि मलाबी जिंकायचं व्हतं."

मधल्या माणसाने विचारलं, हुकूम कोणी दिला आणि कोणाला.

"देनारा आनि घेनारा दोघंबी हितंच बसलेत. त्यांचं त्यांना इचारा."

त्यांनी विचारलं. शेठ म्हणाले, हा माणूस टीममधून काढल्याचा राग काढतोय. मग सगळे माझ्याकडे वळले. पंखा फिरत होता. जोमादादा समोरच्या भिंतीकडे बघत उभे होते. माझ्याकडे पाहिलं असतं, तर कदाचित मी बोललो असतो. पण ते मला कसलीच जबरदस्ती करणार नव्हते. मी म्हणालो, "मला कोणी काही सांगितलं नाही. मी घसरलो."

पुरावा नाही म्हणून मी सुटलो, शेठही सुटले. सामना अर्धवट सोडल्याबद्दल आणि स्वतःच्या तोंडाने कबूल केलेल्या कसुरीबद्दल जोमादादांवर दोन वर्षांची बंदी आली. शेठनी त्यांना त्याच आठवड्यात कामावरून काढलं. मला दिवाळीनंतर मिलमध्ये घेतलं. मी परळला राहायला गेलो.

मिलच्या टीमकडून मी सहा वर्षं खेळलो. चांगला खेळलो, असं लोक म्हणत. पण समोरचा आत शिरला की मी अर्धं पाऊल मागेच राहायचो. आमचे कोच म्हणायचे, तुला सगळं येतं, फक्त भिडायला का घाबरतोस. मी हसून वेळ मारून न्यायचो. सुट्टीत भिवंडीला आलो की जोमादादांची खबर कानावर पडे. दुसऱ्या कारखान्यात लूमवर बारा-बारा तासांची ड्युटी करतात. बंदी संपली तरी खेळायला उतरले नाहीत. महिन्यातून एका रविवारी वसईला जातात, फ्रान्सिसच्या वाडीत हाताखाली काम करतात. फ्रान्सिसचा पाय आखूड राहिला होता. बँकेची नोकरी अर्थातच गेली. एकदा नाक्यावर दादा समोरून आले, तेव्हा मी पानाच्या दुकानाकडे वळून उभा राहिलो. ते माझ्या मागून निघून गेले. त्यांनी मला पाहिलं होतं, याची मला खात्री आहे.

दशक संपत आलं तेव्हा ते गेले. कापसाची धूळ छातीत बसली होती. शेवटी दोन पायऱ्या चढल्या तरी धाप लागायची, असं वडिलांनी पत्रात लिहिलं. पत्र उशिरा मिळालं. मी पोचलो तो दहाव्याच्या दिवशी.

दापोड्याबाहेर पाण्याच्या काठी विधी चालला होता. गावातली माणसं, जुन्या टीममधले पाच-सहा जण. एका बाजूला काठी टेकून फ्रान्सिस उभा होता, आणि शेजारी त्याची आई. पिंड ठेवले होते आणि सगळे कावळ्याची वाट बघत होते. कावळे झाडावर होते, पण खाली उतरत नव्हते. कोणीतरी म्हणालं, त्यांचं काही राहिलं असेल तर बोला, आम्ही बघू असं सांगा. त्यांचा मुलगा पुढे होऊन हात जोडून काहीतरी पुटपुटला. धाकटा भाऊही बोलला. कावळे जागचे हलले नाहीत. मी पिंडाकडे गेलो नाही. मी फ्रान्सिससमोर जाऊन उभा राहिलो.

"मी घसरलो नव्हतो," मी म्हणालो. "मला सांगितलं होतं, आणि मी मुद्दाम केलं."

त्याने काठीवरचा हात बदलला. "माहीत आहे मला. तू उडी घेताना बॉलकडे बघतच नव्हतास." मग म्हणाला, "दादांनी कधी सांगितलं नाही. मी विचारलं होतं एकदा. म्हणाले, तो येईल नि सांगेल."

त्याच्या आईला मात्र माहीत नव्हतं. तिचा चेहरा बघताना ते मला कळलं. इतकी वर्षं ती मला एक घसरलेला पोरगा समजत आली होती. ती रडली नाही, चिडली नाही. पाण्याकडे बघत ती म्हणाली, "हे तू दादा असताना बोलायचं होतंस."

 

कावळा किती वेळाने शिवला, ते मी पाहिलं नाही. विधी आटोपला तशी माणसं एकेक करून बांधावरून रस्त्याकडे निघाली. बांध अरुंद होता. आई पुढे गेली, मागे वळली नाही. फ्रान्सिस काठी कुठे टेकावी ते बघत थांबला होता. मी हात पुढे केला. तो क्षणभर त्या हाताकडे बघत राहिला. मग हात न धरता त्याने माझ्या खांद्यावर आपला भार टाकला, आणि त्याला जमेल तेवढ्याच चालीने आम्ही दोघं रस्त्याला लागलो.