बारदानाच्या गोदामात उभा माणूस

वॉचमनने माझ्या बापाच्या पांढऱ्या शर्टाची कॉलर धरली.

फाटकाच्या आत, दिवसाढवळ्या. मी वरच्या मजल्यावर ऑफिसच्या खिडकीत उभी होते. खालचं बोलणं ऐकू येत होतं. "काका, आजे तारुं काम नथी," वॉचमन गुजरातीत म्हणाला. आबा हसत हसत त्याला काहीतरी समजावत होते. तेवढ्यात हायवेवरून पांढऱ्या मोटारी वळल्या आणि वॉचमन घाबरला. आबांना हाकलायचं तर मोटारींसमोरूनच हाकलावं लागलं असतं. फाटकाला लागून बारदानाचं, रिकाम्या पोत्यांचं गोदाम होतं. त्याने आबांना आत ढकललं. कुलूप लावलं. टोपी सरळ केली आणि सलाम ठोकला.

मोटारींतून परीक्षक उतरले. सरकारी कारखान्यांतला उत्कृष्ट कारखाना कोणता, हे ठरवायला आलेली तज्ज्ञांची समिती.

आमचा कारखाना सरकारी. सुरतेबाहेर, पलसाण्याच्या रस्त्यावर. कापड रंगवायचं काम. मी तिथे टायपिस्ट होते, कायम नोकरीत. आबा त्याच कारखान्यात ठेकेदाराच्या टोळीत. रंगाचं पाणी ज्या टाकीत साचतं तिच्यात उतरायचं आणि तळाचा गाळ बादलीने वर काढायचा. टोळीतली सगळी माणसं सुरतेतल्या आमच्या नवागाम वस्तीची, सगळी आमच्याच समाजाची. ही गोष्ट कारखान्यात कुणी बोलायचं नाही, कारण कुणाला तिचं नवल नव्हतं. शहरात रोगाची साथ आली तेव्हा आमची अर्धी वस्ती मिळेल त्या गाडीला लटकून खानदेशात पळाली. आबांची टोळी थांबली. साहेब लोक गेले, टोळी टाकीत उतरत राहिली.

साथ गेल्यावर स्वच्छतेला भाव आला. बक्षिसं निघाली. दोन महिने कारखान्यात दुसरं बोलणं नव्हतं. भिंती रंगल्या, कुंड्या आल्या. ठेकेदाराने टोळीला सांगितलं, समिती येईल त्या दिवशी तुम्हाला सुट्टी. कधी नव्हे ती सुट्टी. टोळीतल्यांनी गावाकडे निरोप धाडले.

आबांना मात्र त्या सुट्टीचा अर्थच कळला नाही. मोठी माणसं काम तपासायला येणार, तर काम करणारा हजर नको का? एवढा साधा हिशेब. त्यांनी ट्रंकेतून चौदा एप्रिलचे पांढरे कपडे काढले. मायने शर्टाला नीळ दिली, तांब्यात निखारे घालून इस्त्री केली. मी आधीच्या बसने कामावर आले होते. आबा मागून येणार आहेत, हे मला माहीत नव्हतं.

मी खिडकीतून जिन्याकडे धावले. जिन्यात वेल्फेअर ऑफिसर उभे. ते मराठीच. सुरतेत वरच्या खुर्चीवर मराठी माणूस दिसला की सुरुवातीला मला बरं वाटायचं. आदल्या दिवशी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं, "समितीसमोर तुला उभं करणार आहोत. जास्त बोलायचं नाही. तुमच्यातली मुलगी टाइपरायटरवर बसली, हेच आमचं कल्याणकार्य. तेवढंच सांग."

तुमच्यातली. टायपिंगची परीक्षा मी दिली होती. बोटं माझी होती. कल्याण त्यांचं.

जिन्यात मी त्यांना म्हटलं, आबांना गोदामात कोंडलंय, किल्ली हवी. ते म्हणाले, अर्ध्या दिवसाचा प्रश्न आहे, म्हातारा सावलीतच आहे ना. आणि मला मीटिंगच्या खोलीकडे वळवलं.

मी वळले. घाबरून नाही. मला वाटलं, आत परीक्षक बसलेत. ते निवाडा करायला आलेत. कुलूप उघडायला लावायची ताकद या आवारात कुणात असेल, तर त्यांच्यात. माझा तेव्हा त्यांच्यावर विश्वास होता. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. सायक्लोस्टाइलची, शाई फुटलेली. ती वाचून मी मोठी झाले. सत्य समोर ठेवलं की न्याय करणाऱ्याला न्याय करावाच लागतो, असं त्यांतून मी शिकले होते.

खोलीत समितीचे चौघे. अध्यक्ष म्हणजे निवृत्त मोठे अधिकारी. आमचे जनरल मॅनेजर पूर्वी त्यांच्याच हाताखाली होते, आणि समितीचा मुक्काम आमच्याच गेस्ट हाऊसमध्ये होता. याचं कुणाला काही वाटत नव्हतं. शेजारी एक प्राध्यापक, एक इंजिनिअर आणि शेवटच्या खुर्चीत एक बाई. प्राध्यापकांनी सुरुवातीला समितीचा नियम वाचून दाखवला. कोणत्या कामगारांशी बोलायचं ते समिती स्वतः निवडेल, कारखान्याने निवडायचं नाही. चांगला नियम. मी मान वर केली.

जनरल मॅनेजर म्हणाले, वेळ वाचावा म्हणून आम्ही काही कामगार बाहेर बसवूनच ठेवलेत.

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. "चलेगा."

तो एक शब्द. त्यानंतर जे झालं ते गुणदान नव्हतं, पाहुणचार होता.

बसवून ठेवलेले आत आले. सगळ्यात पुढे टाकी सफाई कामगार म्हणून जो आला तो कँटीनचा वाढपी होता. अंगात नवा डगला, हातात मोजे, पायात काळे गमबूट. गमबुटांवर दुकानाची चिठ्ठी तशीच चिकटलेली. आबांच्या टोळीने गमबूट कधी पाहिले नव्हते. ते चड्डीवर उतरायचे. आबांच्या पायांच्या बोटांमधल्या भेगा बारा महिने रंगलेल्या. घरी आम्ही त्या बघून आज कारखान्यात हिरवं निघालं की जांभळं, ते सांगायचो.

इंजिनिअरने वाढप्याला विचारलं, सुरक्षा साधनं मिळतात का. तो म्हणाला, मिळतात. इंजिनिअरने गुण मांडले. चिठ्ठी मला दिसली, त्याला दिसली नाही.

मग अध्यक्ष माझ्याकडे वळले. आवाजात मध. "बेटी, यहाँ सब बराबर हैं ना?"

वेल्फेअर ऑफिसर माझ्याकडे बघून हसले.

मी म्हटलं, "साहेब, टाकी साफ करनेवाला आदमी यह नहीं है. वह फाटक के पास गोदाम में बंद है. मेरा बाप है. ताला खुलवाइए."

प्राध्यापक कागदात डोकं घालून बसले. शेवटच्या खुर्चीतली बाई अर्धी उठली. अध्यक्षांनी तिच्याकडे पाहिलं, ती पुन्हा बसली. मग ते मला समजावणीच्या सुरात म्हणाले, "यह आपका अंदरूनी मामला है. हमारे मापदंड में नहीं आता."

मापदंडात येत नाही. स्वच्छतेला गुण होते, शिस्तीला होते, कर्मचारी कल्याणाला होते. कोंडलेल्या कर्मचाऱ्यासाठी रकाना नव्हता.

त्या क्षणी माझ्यातलं काहीतरी तुटलं. बरं झालं तुटलं.

मी परवानगी न घेता खोलीबाहेर पडले. फाटकावर गेले आणि वॉचमनपुढे हात पसरला. भीक मागायला नाही, किल्ली मागायला. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि दिली.

आबा उभे होते. भोवती बारदानाचे ढीग, हवं तिथे टेकता आलं असतं. पण ते बसले नव्हते, भिंतीला टेकलेही नव्हते. कपडे मळतील म्हणून.

"गयात का साहेब लोके?" त्यांनी विचारलं. "टाकी देखी का त्यास्नी?"

"नाही, आबा. टाकी नाही पाहिली."

"मंग काय देखं?"

मी म्हटलं, आबा, चला घरी. ते मागच्या फाटकाकडे वळले. टोळीची ये-जा तिथूनच. मी त्यांचा दंड धरला आणि पुढच्या वाटेने निघाले. हिरवळीवर मांडव घातला होता. तोवर खोलीतलं आटोपून समिती जेवायला बसत होती. आबांनी सवयीने त्या सगळ्यांना हात जोडले. पाहुणे म्हणून. मोठी माणसं म्हणून.

मी थांबले. माझ्या बापाचे जोडलेले हात माझ्या हातांनी सोडवले. सगळ्यांदेखत.

"हात कशाला जोडता, आबा? यांनी आपलं काय पाहिलं?"

मांडवातली ती बाई ताट ठेवून कडेला आली. हळू आवाजात म्हणाली, "मी माझे गुण खरे देईन." दिलेही असतील. पण चौघांच्या गुणांची सरासरी निघते, आणि तीन खोट्यांत एक खरा मिसळला की तोही खोट्याचीच शोभा वाढवतो. तिने ओरडायला हवं होतं. नुसतं आपल्यापुरतं स्वच्छ राहणं म्हणजे न्याय नव्हे.

कारखान्याला ढाल मिळाली. कर्मचारी कल्याणासाठीच. ऑफिसच्या दारात काचेच्या कपाटात ती ठेवलीय, आणि खालच्या फळीवर ते गमबूट. टोळी अजून अनवाणी उतरते. मला गैरशिस्तीचा मेमो मिळाला. मी उत्तरात एकच वाक्य टाइप केलं : गोदामाला कुलूप कुणी लावायला सांगितलं?



लोक मला विचारतात, असे पुरस्कार न्यायाने द्यायचे तरी कसे? अवघड काही नाही. ज्याचा पाहुणचार घेतला त्याला गुण देऊ नका. ज्याच्याबरोबर नोकरी केली त्याच्या दारात परीक्षक म्हणून येऊ नका. समोर आणलेल्या माणसाला नंतर विचारा, आधी सुट्टीवर कोण आहे ते विचारा. मागच्या फाटकाने आत या. कुलूप दिसलं तर उघडायला लावा, आणि उघडेपर्यंत पेन खाली ठेवा. हे जमत नसेल तर तज्ज्ञ म्हणवून घेऊ नका, वऱ्हाडी म्हणवून घ्या.

या वर्षी समिती पुन्हा येतेय. ठेकेदाराने पुन्हा सुट्टी सांगितलीय. पण आमच्या विहारात मी स्टेन्सिल कापलंय, पत्रक नवागामच्या आणि शेजारच्या डिंडोलीच्या घराघरांत गेलंय, आणि टोळीतल्या एकानेही गावाकडे निरोप धाडलेला नाही. आबा म्हणाले, पांढरे कपडे नकोत. ज्या चड्डीवर टाकीत उतरतो तीच घालून, तेच रंगलेले पाय घेऊन येणार. सगळी टोळी तशीच येणार. पुढच्या फाटकाने.

गोदाम एवढं मोठं नाही.