गाडीसाठी मिस्त्री बघणे

मला बघायला सासरची मंडळी आली होती ती कांदेपोहे खाऊन, एक गाणं ऐकून तासाभरात उठली. होकार दुसऱ्याच दिवशी आला. गाडी बांधणारा मिस्त्री बघायला मात्र याच मंडळींना अख्खा हिवाळा पुरला नाही. ही गोष्ट मी पुढे अनेकदा बोलून दाखवली. त्यावर यजमानांचं उत्तर ठरलेलं असे, "तुझ्यात काही दुरुस्ती करायची नव्हती ना!" बोलण्यात ते कधीच सापडत नसत.

मी सांगलीकडची. लग्न होऊन इंदूरला आले तेव्हा मध्यप्रदेश हे राज्य अगदी नवं होतं. कचेऱ्या एकेक करून भोपाळला चालल्या होत्या आणि शेजारीपाजारी जो तो आपली बदली होईल या धास्तीत होता. माझे यजमान बांधकाम खात्यात ओव्हरसिअर. बदलीची चिंता सगळ्यात जास्त त्यांनाच हवी होती. पण त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट होती, दोन सीटांची, लांब नाकाची, टप नसलेली विलायती मोटार.

ती मोटार मामंजींची. म्हणजे मामंजींची कधीच नव्हती. ते एका सरदार घराण्याच्या मोटारखान्यात ड्रायव्हर होते आणि ती गाडी सरदारांची होती. तिला पुसायचं, न्हाऊ घालायचं, फिरवून आणायचं, सगळं मामंजींनी केलं. लग्न झाल्यावर नव्या बायकोला त्यांनी शब्द दिला होता, "सरकारांना विचारून एकदा तुला या गाडीतून लालबाग राजवाड्यापर्यंत नेऊन आणीन." पण विचारायचं धाडस झालं नाही. वर्षं गेली, जहागिरी गेल्या, गाडी कुणा मुंबईवाल्याला विकली गेली आणि शब्द तसाच राहिला. मामंजी आता सत्तरीला आले होते. हात अजून स्थिर होता, पण किती दिवस राहील कुणास ठाऊक. तेव्हा यजमानांनी ठरवलं की हुबेहूब तशीच गाडी बांधून घ्यायची आणि तिच्यातून मामंजींनी सासूबाईंना लालबागपर्यंत न्यायचं. हौसेला मोल नाही म्हणतात ते काही खोटं नाही.

भंगारात गेलेली एक लहान मोटार कुठून तरी मिळाली. तिचा वरचा भाग उतरवून सांगाडा आणि इंजिन अंगणात आणून ठेवलं. वरची बॉडी कशी हवी ते मामंजी डोळे मिटून सांगायचे आणि यजमान कागदावर काढायचे. उरला प्रश्न बांधणाऱ्याचा.

मामंजींनी मिस्त्री निवडायची पद्धत दरबारी ठेवली. मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये आपण जायचं नाही, त्याला घरी बोलवायचं. पोहे द्यायचे, चहा द्यायचा, त्याच्या घराण्याची चौकशी करायची, शेवटी पान. आणि काही झालं तरी तोंडावर नाही म्हणायचं नाही. मोटारखान्यात त्यांनी जन्मात कुणाला नाही म्हटलेलं नव्हतं. सासूबाई स्वयंपाकघरातून पुटपुटायच्या, "पोरीला स्थळं बघितली तेव्हा इतकी पूछताछ नाही केली."

पहिले आले ते तुकोगंजातल्या एका गॅरेजचे मालक. अंगात कोट, खिशात दोन पेनं. त्यांनी चित्र बघितलं, मान तिरकी केली आणि म्हणाले, "डिझाइन पुराना है, साहब. पीछे दो पंख निकाल देते हैं, एकदम अमेरिकन लगेगी."

मामंजींनी अतिशय आदराने विचारलं, "पंख कशाला?"

"शान के लिए! और सीट थोड़ी ऊँची करनी पड़ेगी. घर की लेडीज बैठेंगी ना?"

त्यांची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली होती. सासूबाई अंगाने भरलेल्या, त्यात नऊवारी. सीट तर जमिनीपासून जेमतेम वीतभर. मामंजींचा चेहरा बदलला नाही. त्यांनी पान पुढे केलं आणि म्हणाले, "विचार करून कळवतो." ते गृहस्थ काम मिळालं असं समजून खुशीत गेले. महिनाभर त्यांचा माणूस सांगाडा न्यायला येत राहिला आणि मामंजी त्याला पोहे देत राहिले. शेवटी सासूबाईच बाहेर आल्या आणि त्याला म्हणाल्या, "भिया, तुमच्या सेठजींना सांगा, पत्रिका नाही जुळली."

दुसरे परदेशीपुऱ्याचे, बसच्या बॉडी बांधणारे. माणूस दिलखुलास, आवाज असा की शेजारच्या घरातून लोक डोकावले. चित्राकडे न बघताच त्यांनी विचारलं, "सवारी कितनी?"

"दोन," यजमान म्हणाले.

"दोन? इतनी लंबी गाड़ी और दो सवारी? अरे भिया, आठ तो आराम से बैठेंगी. ऊपर जाली लगा देंगे, सामान उधर. माताजी के लिए पीछे से सीढ़ी."

सासूबाईंना हसू आवरेना. मला तर तो माणूस फार आवडला. शिडी, जाळी आणि आठ माणसं म्हणजे माहेरी जायची सोयच झाली असती. पण मामंजी म्हणाले, "विचार करून कळवतो." ते निघून गेल्यावर मात्र फणकारले, "इंचभरही उंच करायची नाही. गाडी होती तशीच पाहिजे. नाहीतर ती ती गाडी नाही."

"अहो पण आई बसणार कशा?" मी विचारलं.

"बसतील."

"आणि उठणार कशा?"

यावर मामंजी पेपर वाचायला लागले. घोडं नेमकं तिथंच पेंड खात होतं. जो मिस्त्री येई तो सासूबाईंकडे बघून सीट उचलायला सांगे आणि मामंजी त्याला पान देऊन वाटेला लावत. सासूबाईंना कुणी विचारत नव्हतं. त्यांच्या उठण्याबसण्याची चर्चा त्यांच्यादेखत चालायची आणि त्या पोहे परतत राहायच्या.

संक्रांत झाल्यावर महूहून एक हवालदार आले. फौजेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, मिश्या पिळलेल्या, बोलणं हुकमी. दारातूनच म्हणाले, "जय भीम." मामंजी क्षणभर थांबले आणि त्यांनीही "जय भीम, या" म्हटलं. सासूबाईंनी कपाकडे एकदा बघितलं, मग नेहमीच्याच कपात चहा ओतला. त्या काळी आमच्यासारख्या घरात ही साधी गोष्ट नव्हती, म्हणून ती माझ्या लक्षात राहिली. हवालदारांनी ती बघितली की नाही, कळलं नाही. पण चहा पिऊन झाल्यावर त्यांनी जी फुशारकी मारायला सुरुवात केली ती ऐकून वाटलं, लढाई या एकट्या माणसानेच जिंकली असावी.

घराण्याची चौकशी मामंजींनी सुरू करताच त्यांनी हात वर केला. "ते राहू द्या. गाडीत बसणार कोण?"

"आमच्या ह्या," मामंजी म्हणाले.

"आणि चालवणार कोण?"

"मी."

"मग ट्रायल घेऊ."

अंगणात विटा होत्या. हवालदारांनी त्या मांडल्या, वर फळ्या टाकल्या, चित्रातल्या मापाने सीट केली, पाठीला पाट टेकवला. पुढे पाय लांब करायला तेवढीच जागा ठेवली. दोन्ही बाजूंना गाडीच्या कडेएवढी विटांची भिंत रचली आणि सासूबाईंना म्हणाले, "बाई, बसा."

सासूबाईंनी पदर खोचला, भिंतीवरून एक पाय आत टाकला, दुसरा टाकला आणि बसल्या. मांडी ठोकून बसाव्यात तशा आरामात. मग हाताचा आधारही न घेता उठल्या आणि बाहेर आल्या. "यात काय मोठं?" त्या म्हणाल्या. "जन्म गेला विळीवर आणि पाटावर बसून. तुम्हीच सगळे उगाच काथ्याकूट करता."

मामंजींचा चेहरा खुलला. सगळ्या मिस्त्रींवर सासूबाईंनी एका फटक्यात मात केली होती.

"आता ड्रायव्हर," हवालदार म्हणाले.

मामंजी ऐटीत आत गेले. बसताना जरा धपकन बसले. हात पुढे करून त्यांनी हवेतलं स्टिअरिंग धरलं, एक वळणही घेतलं. मग उठायला गेले आणि उठेनात. एकदा जोर केला, दोनदा केला. जन्मभर मोटारीच्या सीटवर नाहीतर खुर्चीवर बसलेल्या माणसाचे गुडघे ते. यजमानांनी आणि हवालदारांनी दोन बाजूंनी धरून त्यांना काढलं. हसायला सगळ्यांना येत होतं, पण त्यांच्याकडे बघून कुणी हसलं नाही.

हवालदारांनी धोतराला लागलेली माती झटकली, स्वतःच्या नाही, मामंजींच्या. "दोन रस्ते आहेत," ते म्हणाले. "गाडी हुबेहूब पाहिजे तर ड्रायव्हर दुसरा, तुमचा मुलगा. तुम्ही पाहिजे तर सीट वीतभर उचलू, पण मग नाकसुद्धा उंच होईल. ती गाडी राहणार नाही. मी खोटं नाही सांगत."

मामंजी आत गेले. दुपारी जेवले नाहीत. जी गोष्ट मिस्त्रींनी सासूबाईंसाठी मागितली तर ते चिडायचे, ती आता स्वतःसाठी कशी मागायची? संध्याकाळी ते यजमानांना हळूच म्हणाले, "तूच ने त्यांना. गाडी तशीच बांधू दे." आवाज ऐकून मला फार वाईट वाटलं. म्हाताऱ्या माणसाने इतक्या समजुतीने बोलू नये.

सासूबाई कणीक मळत होत्या. तशाच पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. "पोराच्या शेजारी बसायला मला गाडी कशाला पाहिजे? त्याच्या सायकलच्या कॅरियरवर बसेन. मला तुमच्या शेजारी बसायचंय. करू देत उंच. उंटाएवढी झाली तर उंटावर बसू."

मामंजींनी गाडीच्या चित्राचा कागद घडी करून ठेवला. मग यजमानांना म्हणाले, "हवालदारांना कळव." विचार करून कळवतो असं ते म्हणाले नाहीत, हे यजमानांच्याही ध्यानात आलं.

गाडी झाली ती पावसाळ्यानंतर. पुढून बघितली तर विलायती, बाजूने बघितली तर टांगा. गल्लीतल्या लोकांनी तोंड फिरवून हसून घेतलं. हवालदार मात्र कंबरेवर हात ठेवून म्हणाले, "अशी गाडी अख्ख्या हिंदुस्थानात नाही," आणि ते खरंच होतं.

एका रविवारी सकाळी दोघं निघाले. मामंजींनी कोट घातला होता, सासूबाईंनी ठेवणीतलं लुगडं. जायला यायला फार तर अर्धा तास. ऊन चढलं तरी पत्ता नाही. यजमान सायकल काढून निघणार, मुद्दाम महूहून आलेले हवालदार हत्यारांची पिशवी उचलणार, तेवढ्यात गाडी गल्लीत शिरली. मामंजी गाडी लावून थेट न्हाणीघरात गेले. सासूबाई स्वयंपाकघरात आल्या आणि मी त्यांना पाणी दिलं.

"काय झालं? बंद पडली?"

"गाडी कशाला बंद पडते! सबंध रस्ताभर हे सरळ समोर बघत बसलेले. एक शब्द नाही. मोटारखान्याची शिस्त, म्हणे शेजारी कोण बसलंय तिकडे ड्रायव्हरने बघायचं नसतं. लालबागच्या फाटकाशी थांबले आणि तसेच समोर बघून विचारतात, 'आता कुठं घ्यायची, बाईसाहेब?'"

"मग?"

"मी म्हटलं, आधी इकडे बघा. मग सांगते."

"आणि बघितलं त्यांनी?"

सासूबाईंनी रिकामं भांडं खाली ठेवलं.

"बघितलं," त्या म्हणाल्या. "म्हणून तर उशीर झाला."