अर्ध्या ओल्या कोर्टावरची दुहेरी

मी तेव्हा केज तालुक्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात केमिस्ट होतो. दुष्काळामुळे ऊसच नव्हता. गाळप महिनाभरात आटोपलं आणि आम्ही साहेबलोक रिकामे झालो. कारखान्याच्या क्लबमागे मुरमाचं एक टेनिस कोर्ट होतं. चेअरमनसाहेब एकदा पुण्याला जाऊन मोठी टेनिस स्पर्धा बघून आले आणि आल्या आल्या म्हणाले, "कारखाना बंद हाय, आपण बंद न्हाई. पुरुष दुहेरीच्या खुल्या स्पर्धा घ्या."

आसपासच्या कारखान्यांचे इंजिनिअर, बीडचे एक दातांचे डॉक्टर, अशा सात जोड्या जमल्या. त्यातली एक पुण्याहून खास बोलावलेली होती. ते दोघे टेनिसवरच पोट भरणारे होते. आठवी जोडी मिळेना, म्हणून मला आणि गॅरेजच्या मिस्त्रीला उभं केलं.

मिस्त्री पन्नाशीचा, मूळचा आष्टीचा मुसलमान. एका जुन्या मॅनेजरला संध्याकाळी खेळायला कुणी मिळत नसे, तेव्हा त्यांनी याला हाताशी धरून शिकवलेलं. तो पायजम्यावरच खेळायचा. आमच्या रॅकेटींच्या तारा तोच पकडीने ओढून बसवायचा. चिठ्ठ्या काढल्या आणि पहिल्याच फेरीत आमची गाठ पुण्याच्या जोडीशी पडली.

"घरी लवकर जायला मिळंल," एवढंच मिस्त्री म्हणाला.

सामन्याच्या दिवशी सकाळी कोर्टावर पाणी मारायला टँकर आणला. निम्मं कोर्ट भिजवून झालं होतं, एवढ्यात कामगार कॉलनीतल्या बायका घागरी घेऊन आल्या. पुढे मिस्त्रीची बायको होती. चेअरमनसाहेब शामियान्यात बसले होते. ती थेट त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"साहेब, चार दिवस झाले नळाला पाणी न्हाई. तुमी जमिनीला पाणी पाजायलात अन् आमी रिकाम्या घागरी घेऊन फिरायलोत. हे कावून?"

मिस्त्री माझ्या शेजारी बसून बुटाची नाडी बांधत होता. तो बराच वेळ बांधत राहिला.

चेअरमनसाहेब मुरलेले पुढारी. त्यांनी माइक मागवला आणि जाहीर केलं, की स्पर्धेच्या शुभमुहूर्तावर कॉलनीतल्या भगिनींसाठी टँकरची सोय करण्यात आलेली आहे. टाळ्या झाल्या. टँकर कॉलनीकडे वळला. कोर्टाचा नेटच्या अलीकडचा भाग ओला आणि घट्ट राहिला, पलीकडे घोटाभर फुफाटा.

पहिला सेट आम्ही सहा-एक असा हरलो. त्या दोघांची सर्व्हिस मला दिसायची कमी, ऐकू जास्त यायची. पण जो एक गेम मिळाला, तो कसा मिळाला ते मिस्त्रीने बघून ठेवलं. ते दोघे कोरड्या बाजूला असताना त्याच्या रॅकेटीच्या कडेला लागून एक बॉल नेटपलीकडे टपकला आणि फुफाट्यात बसला. उसळलाच नाही. धुळीचा लहानसा ढग उठला, बस्स.

सेट संपल्यावर मिस्त्री हळूच म्हणाला, "साहेब, ते कोरड्यात असले की जोर लावायचा न्हाई. नुसता बॉल ठिवून द्यायचा."

आम्ही ठेवून देऊ लागलो. टेनिसमध्ये दर दोन गेमला बाजू बदलतात. ते ओल्या बाजूला गेले की आम्हाला धुऊन काढायचे, कोरड्या बाजूला आले की धापा टाकत पुढे पळायचे आणि घसरायचे. त्यांचे पांढरे कपडे विटकरी झाले. त्यातला थोरला अंपायरला म्हणाला, "हे टेनिस नाही." अंपायर म्हणजे आमचे शेती अधिकारी. ते म्हणाले, "बॉल आत पडलाय ना? मग टेनिसच."

दुसऱ्या सेटमध्ये आम्ही चक्क चार-तीन असे पुढे गेलो. मग दोन गेम त्यांनी ओल्या बाजूला काढले. चार-पाच. पुढच्या गेमला ते पुन्हा फुफाट्यात आले आणि माझ्या अंगात वारं शिरलं. त्यांचा मॅच पॉइंट होता. माझ्या डोक्यावर एक उंच, अगदी सोपा बॉल आला. मागे मिस्त्री ओरडत होता, "ठिवा, साहेब, ठिवा." मी सगळा जीव लावून हाणला. तो कुंपणावरून, क्लबच्या पत्र्यावरून पार गॅरेजकडे गेला.

आम्ही हरलो. चौघांनी नेटपाशी हात मिळवले. थोरल्याने मिस्त्रीला विचारलं, "हा हलका हात कुठं शिकलात?"

"कारबोरेटर खोलून," मिस्त्री म्हणाला. ते दोघे पहिल्यांदाच हसले. पुढे स्पर्धाही तेच जिंकले, पण फायनलच्या आधी त्यांनी सगळं कोर्ट कोरडंच ठेवायची अट घातली; बॉल ठेवून द्यायला आता तेही शिकले होते.

पुढच्या वर्षी पुन्हा स्पर्धा ठरली. मी मिस्त्रीला विचारायला गॅरेजात गेलो. तो जीपखालून बाहेर आला, हात पुसले आणि म्हणाला, "साहेब, राग मानू नका. मी शेती अधिकारीसाहेबांना हो म्हणलोय. तुमचा खेळ चांगला हाय, पण तुमाला जिंकायची लई घाई व्हती."

मी राग मानला. चांगला महिनाभर मानला. मग त्यांचा सामना बघायला गेलो. ते पहिल्याच फेरीत सरळ दोन सेटमध्ये हरले आणि मला फार बरं वाटलं.