भुईमुगातला पाऊस

एप्रिलच्या उन्हात नगरच्या कापडबाजारात रेनकोट मागणारा माणूस दुकानदाराला कसा दिसत असेल, ते मी बिभीषणच्या शेजारी उभं राहून पाहिलं आहे. दुकानदाराने आधी बिभीषणकडे पाहिलं, मग बाहेरच्या उन्हाकडे, मग माझ्याकडे. मी मान डोलावली. म्हणजे, माणूस बरा आहे, तुम्ही काढा.

"मृगात या," दुकानदार म्हणाला.

"मृगापर्यंत मी नसतो आता," बिभीषण म्हणाला.

हे त्याने इतक्या पडलेल्या तोंडाने सांगितलं की दुकानदार हबकला. "असं बोलू नये दादा," म्हणत तो स्वतःच माळ्यावर चढला आणि गेल्या वर्षीचा मोटरसायकलवाल्यांचा रेनकोट घेऊन आला. माळ्यावरच्या उकाड्याने त्याच्या घड्या एकमेकींना चिकटल्या होत्या. उघडायला गेलो तर एक बाही सुटून बिभीषणच्या हातात आली.

बिभीषण माझा जामखेडच्या कॉलेजातला मित्र. गेली काही वर्षं नगरजवळच्या नागापूर एमआयडीसीत आम्ही एकाच खोलीत राहत होतो. तो मशीनवर, मी गोडाऊनला. त्याची कंपनी दर अकरा महिन्यांनी त्याला घरी पाठवायची आणि महिन्याभराने, नवाच माणूस भेटल्यासारखी, पुन्हा घ्यायची. यंदा तिने ओळखच दाखवली नाही. मग त्याने मिळेल तिकडे अर्ज टाकले. जर्मनीला भाषा हवी, दुबईला ओळख हवी. फक्त आयर्लंडला गायी सांभाळणारा माणूस हवा होता आणि गायी बिभीषणला येतात. समुद्राकाठच्या एका मोठ्या गोठ्यावर दोन वर्षांचं काम. पहिले तीन महिने चाचणीचे. त्यात आजारी पडून खाटेला लागला, तर परतीचं तिकीट.

आता गंमत बघा. बिभीषण आठ वर्षांचा असताना आईबापासोबत ऊसतोडीला गेला होता. फडात अवकाळी आला आणि राहायची पाचटाची कोपी, म्हणजे झोपडी, तीन-चार दिवस गळत राहिली. तेव्हापासून त्याला ओल सोसत नाही. अंग भिजलं की छाती वाजायला लागते, एखाद्याने बाजाच्या पेटीचा भाता हलवत ठेवल्यासारखी. परदेशाची मेडिकल तपासणी मार्चात झाली म्हणून तो पास झाला. जामखेड तालुक्यातला माणूस मार्चात भिजणार कशाने? अशा माणसाला साऱ्या जगातलं सगळ्यात ओलं गाव मिळालं. मी त्याला म्हणालोही, "बिभ्या, तुझ्या नशिबाला विनोदाचं अंग आहे."

तो हसला नाही. "एजन्सीच्या मॅडम म्हणल्या, तिकडं गायी पावसात चरत्यात आन् मानूस त्यांच्या मागं. अंगाला पानी लागू दिलं न्हाई तर सगळं जमंल म्हणल्या. गोरख्या, मला फकस्त कोरडं ऱ्हायचंय. बाकी शेण काढायला मी भीत न्हाई."

म्हणून मग आमची जाकिटाची शोधाशोध सुरू झाली. पुण्यात एका काचेच्या दुकानात गेलो. तिथल्या मुलाने जाकीट उलटं करून आतल्या शिवणी दाखवल्या. म्हणाला, पाणी कापडातून येत नाही, सुईने पडलेल्या भोकांतून येतं, म्हणून प्रत्येक शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली असते. बिभीषणने पट्टीवरून बोट फिरवलं, जनावराच्या पाठीवरून फिरवावं तसं. मग त्याने किमतीचं लेबल पाहिलं आणि उघडं पडलेलं पोट झाकावं तसं ते हळूच आत सारलं.

त्यानंतर मोबाईलवरून एक मागवलं. त्याचं कौतुक लिहिणारे सगळे लोणावळ्याला भजी खायला गेलेले होते. पण ते चालतं की नाही, हे बघायचं कसं? एप्रिलात पाऊस आणायचा कुठून? बिभीषणच्या गावात तर पाण्याचा टँकर येत होता. तिथे जाकिटावर तांब्याभर पाणी ओतलं असतं तरी बायांनी त्याला आयर्लंडच्या आधीच पोचवला असता.

पाऊस होता तो सोनईला. बिभीषणची थोरली बहीण सविताआक्का तिथे दिलेली. आई गेल्यापासून हिनेच त्याला आईसारखा सांभाळला. तिच्या रानात उन्हाळी भुईमूग, आणि भुईमुगाला तुषारचं पाणी. ठिबक जमिनीवरून देतात, तुषार वरून, कारंज्यांसारखं. त्या आठवड्यात शेतीला दिवसाची लाईट होती. मोटार चालू झाली, कारंजी फिरायला लागली आणि बिभीषण जाकिटाची टोपी ओढून भुईमुगात जाऊन उभा राहिला.

आक्काचे सासरे आबासाहेब बांधावर येऊन बसले. "ह्यो काय करतोय?"

"पाऊस कसा असतो ते बघतोय," मी म्हणालो.

"सरीत उभा ऱ्हा म्हणावं, शेंगा तुडवू नको."

अर्ध्या तासाने तो बाहेर आला. जाकीट काढलं तर सदरा अंगाला चिकटलेला. शिवणी आतून उघड्याच होत्या. संध्याकाळपर्यंत छाती वाजायला लागली. आक्काने ओवा भाजून कपड्यात बांधून शेक दिला. तो भिंतीला टेकून बसला होता. म्हणाला, "आक्का, भुईमुगाचा पाऊस बी सोसंना मला. मी मरायला चाललोय का काय?"

 आक्काने शेकाची पुरचुंडी जरा दाबून धरली.

जायला चार-सहा दिवस उरले तेव्हा मला मोबाईलवरच जुनं जाकीट सापडलं. पुण्यातला एक मुलगा परदेशातून शिकून परत आलेला, सामान विकत होता. खरं, पट्ट्या लावलेलं, आणि जुनं असल्याने आपल्या ऐपतीतलं. निघायच्या आदल्या दिवशी आम्ही ते घेऊन सोनईला गेलो. निरोपही घ्यायचा होता.

मोटार चालू झाली. बिभीषण पुन्हा भुईमुगात. या वेळी कारंजं तोंडावर येईल असा उभा राहिला, मग पाठ करून, मग खाली बसून. आबासाहेब म्हणाले, "एवढं पानी तर उभ्या पिकाला बी न्हाई मिळालं." तो बाहेर आला, चेन उघडली आणि सदऱ्यावरून हात फिरवला. कोरडा. काखेत कोरडा, मानेला कोरडा. तो बांधावर बसला आणि बराच वेळ नुसता स्वतःच्या सदऱ्याला हात लावत राहिला. कॉलेजपासून मी त्याला ओळखतो. असा सैल झालेला कधी पाहिला नव्हता.

"जेवून घ्या आता," आक्का म्हणाली. "आन् ते आन इकडं, वाळत घालते."

आम्ही जेवलो. तो दोन भाकरी जास्त खाऊन आडवा झाला, मीही. उठलो तेव्हा आक्का ओसरीवर बसून दाताने दोरा तोडत होती. मांडीवर जाकीट.

हे सांगायला हवं. त्यांच्या घरी कुणी तोडीला निघालं की आई मढीच्या कानिफनाथांचा अंगारा लाल कापडात बांधून सदऱ्याच्या आत, छातीवर शिवून द्यायची. सुईने पक्का, कारण मोळ्या उचलताना सुटायला नको. ही चाल आता आक्काकडे आली होती. त्यातून हे जाकीट दुसऱ्याच्या अंगावरचं.

"कुनाच्या अंगावरचं, काय भोगलेलं, आपल्याला काय म्हाईत," ती म्हणाली. "म्हणलं जास्तच पक्कं करावं. आन् बराबर छातीवर लावलंय बघ, तुझं दुखनं हाय तिथंच."

गोधडीची जाड सुई, दुहेरी दोरा. आतून पुरचुंडीला चौकट घातल्यासारखे टाके, आणि बाहेरून, डाव्या छातीवर, तेच टाके लाल रंगात मोजता येतील असे.

बिभीषणने जाकीट हातात घेतलं. मला वाटलं आता हा ओरडेल.  त्याने ते तसंच अंगात घातलं आणि भुईमुगाकडे चालायला लागला.

"पुन्ना? हौस फिटली न्हाई व्हय रं तुझी?" आक्का हसत म्हणाली.

मोटार चालूच होती. तो थोडाच वेळ थांबला. परत येऊन चेन उघडली. सदऱ्यावर डाव्या बाजूला तळहाताएवढा ओला डाग, बाकी सगळा कोरडा.

आक्का शेतकरीण आहे. पाइपला काटा लागून पाणी कसं उडतं, हे तिला कुणी शिकवायला नको. तिने डाग पाहिला, जाकिटाचा टाका पाहिला, परत डाग पाहिला.

"मी भोकं पाडली," ती म्हणाली.

"ऱ्हाऊ दे आक्का."

"कातर आन, गोरक्ष. काढते."

"काढलं तर भोकं मोकळी पडतील," बिभीषण म्हणाला. "दोरा हाय तवर दोरा फुगतो, कमी येतं. ऱ्हाऊ दे म्हणलं ना."

मी सायकलच्या पंक्चरचं ठिगळ सुचवलं, लावूनही पाहिलं. त्या गुळगुळीत कापडावर ते टिकेना, बोट लावलं की निघून यायचं. आबासाहेबांनी पाइप जोडायच्या सोल्युशनचा डबा आणला. जाकिटाच्या आतल्या कोपऱ्यावर त्याचा थेंब टाकून बघितला तर कापड आळलं. तेव्हा डबा परत नेला. दुपार कलली. रात्री मुंबईची गाडी होती. नवं कुठून आणणार?

शेवटी आक्का उठली आणि खताच्या रिकाम्या गोण्या पडल्या होत्या तिकडे गेली. गोणीच्या आत प्लॅस्टिकचा कागद असतो, तो तिने ओढून काढला, हौदावर धुतला, मधोमध डोक्यापुरतं भोक पाडलं आणि दोन्ही बाजूंना नाड्या बांधल्या. सुई मात्र लावली नाही, नाड्या गाठी मारून बांधल्या. लहान पोराचं लाळेरं असतं तसं, पण पोटापर्यंत.

"हे आतनं घाल, मग जाकीट."

त्याने घालून पाहिलं. छातीवर खताच्या कारखान्याचं नाव उलटं उमटलेलं होतं. मी म्हणालो, "विमानतळावर विचारलं तर सांग, आमच्याकडे बंडी म्हणतात." एवढ्यावर आक्कासुद्धा हसली, आणि हसता हसता पदर तोंडाला लावून आत गेली. बिभीषण तिच्या मागे गेला. मी ओसरीवर बसून राहिलो.

त्याला जाऊन आता महिना होत आला. रविवारी मी सोनईला जातो, तेव्हा व्हिडिओवर बोलणं होतं. परवा त्याने गोठ्याच्या दारातून बाहेरचं दाखवलं. नुसतं करडं. "आक्का, हितला पाऊस वरनं न्हाई पडत. समोरनं येतो, मानूस चालत आल्यावानी. भुईमुगात असा कुठं हुता?"

"छातीचं सांग."

"बरी हाय."

"कागद घालतो का?"

"फाटला की. काट्याच्या तारेत आडकला."

मग चित्र एकदम वर गेलं. आम्हाला गोठ्याचं छत दिसत राहिलं आणि छताखाली तो आवाज ऐकू आला. आबासाहेब बाजेवरून म्हणाले, "पेटी वाजती त्याची."

तो परत दिसला तेव्हा आक्काने विचारलं, "मालकाला कळलं का?"

"न्हाई. गाईंच्या मागं लांब जाऊन खोकतो. त्या काय सांगत न्हाईत कुनाला."

फोन ठेवल्यावर आक्काने भुईमुगाकडे पाहिलं. मग मला म्हणाली, "या आठवड्यात शेंगा निघत्यात, त्यांचं पैसं येतील. पुण्याच्या दुकानातलं ते पट्ट्यावालं जाकीट पाठीव त्याला. तिकडं पार्सल जातं ना?"

जातं. मी चौकशी केली. वीस-बावीस दिवस लागतील म्हणतात, मध्ये अडकलं तर जास्त. शेंगा अजून रानात आहेत. बिभीषणला मी सांगितलं आहे की तेवढे दिवस गाईंच्या मागेच राहा, आणि होता होईल तो लांबच्या गाईंच्या मागे.