काकूंनी धरून ठेवलेलं दार

आधी काकूंचं सांगतो. अड्याळच्या बाजारात कुल्फी, लस्सी आणि थंड पाण्याच्या बाटल्या विकणाऱ्या काकू. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. त्यांनी मला आधी आगीतून बाहेर काढलं आणि नंतर भीतीतून. दुसरं काम जास्त दिवस चाललं.

मी सांगोल्याकडचा. नववीत शाळा सोडली. गावातला एकजण कोल्डरूम बसवणाऱ्या ठेकेदाराकडे होता, त्याच्या मागे मागे इकडे भंडाऱ्याकडच्या पवनीला आलो. काम संपल्यावर ती माणसं पुढच्या गावाला गेली, मी मात्र इथेच राहिलो, उस्तादांच्या फ्रिज-एसी दुरुस्तीच्या दुकानात. दुकानामागच्या खोलीत झोपायला जागा आणि हातात शिकायला काम. एवढंच माझ्याजवळ होतं. घरी परत जाऊन दाखवण्यासारखं दुसरं काही नव्हतं, म्हणून हे काम हातचं जाईल अशी धास्ती मला रोजच असायची. पाना जागेवर ठेवला का, हे मी दोनदा बघायचो. उस्ताद म्हणायचे, "काय बे, पाना काय उडून जाते काय?"

पण गॅसच्या बाबतीत तेच माझ्यापेक्षा कडक होते. नव्या फ्रीझरमध्ये भरतात तो गॅस म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसचाच भाऊ, पेट घेणारा. मागच्या पाटीवर पिवळ्या त्रिकोणात ज्वाळेचं चित्र असतं. ते दिसलं की उस्ताद बोट वर करायचे. "हे दिसलं का? आता प्लग काढ. दारं-खिडक्या उघड. बिडी, काडी, बटन, काहीच नाही. हा गॅस वर जात नाही, पोट्ट्या. धानाच्या बांधीतलं पाणी कसं सखल कोपऱ्यात जमते, तसा हा जमिनीले बसते."

त्या मे महिन्यात काकूंचा फ्रीझर बंद पडला. उस्ताद दुसऱ्या कामावर होते, त्यांनी मला एकट्याला पाठवलं. काकूंचं दुकान म्हणजे पुढे काउंटर आणि मागे एक खोली. फ्रीझर मागच्या खोलीत. कुल्फी वाचावी म्हणून त्यांनी बर्फाची सिल्ली आणून पुढे काउंटरजवळ ओल्या गोणपाटाखाली ठेवली होती. मी पाटी बघितली. त्रिकोण होता. प्लग काढला, मागचं दार उघडलं, गॅसच्या नळीला वॉल्व्ह लावला आणि त्याचा लांब पाइप दारातून अंगणात मोकळ्यावर सोडला. आतला गॅस हळूहळू बाहेर जाऊ द्यायचा आणि तो संपल्यावरच पुढचं काम.

"काकू, दार उघडं राहू द्या," म्हटलं आणि व्हॅक्यूम पंप आणायला पुढे मोटारसायकलकडे गेलो. पंप रबरी दोरीने आवळून बांधला होता, सुटायला वेळ लागला.

इथल्या उन्हाळ्याचं एक सांगायला हवं. सकाळचं ऊन चढलं की भंडाऱ्याकडची घरं दारं लावून घेतात. लू आत येऊ द्यायची नाही, कूलर लावायचा, पडदे ओढायचे. आणि घरी कुणी घामाघूम होऊन आलं तर त्याला पाण्याआधी कूलरसमोर बसवतात. उघडं दार ठेवून माणसाला उन्हात काम करू देणं म्हणजे त्याचा अपमान. मी दार उघडं ठेवा म्हणालो, ते काकूंना भिडेपोटी म्हटल्यासारखं वाटलं. परगावचं लेकरू, आपल्याला त्रास नको म्हणून बोललं असेल. त्यांनी तो पाइप आत ओढला, नीट गुंडाळी करून फ्रीझरजवळ ठेवला आणि दार लावून कडी घातली.

मी पंप घेऊन आत, मागच्या खोलीच्या तोंडाशी आलो. त्या काउंटरजवळच्या बोर्डापाशी उभ्या होत्या. "ये, बस गारव्यात थोडा," म्हणाल्या आणि मागच्या खोलीतल्या कूलरचं बटन दाबलं.

धप्प असा आवाज झाला. गादी आपटल्यासारखा. जमिनीवरून निळं काहीतरी माझ्या पायांकडे आलं आणि क्षणात विझून गेलं.

दुखलं का, असं लोक विचारतात. नाही. काहीच जाणवलं नाही. पँटचे पाय जळत होते ते मी बघत उभा होतो, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे. काकूंनी सिल्लीवरचं गोणपाट ओढलं, माझ्या पायांना गुंडाळलं, आणि मला बगलेत धरून पुढच्या दाराने रस्त्यावर नेलं. नळाखाली बसवलं. शेजारचा कुणी टूथपेस्ट लावा म्हणाला, कुणी आणखी काही. "काही लावू नोका! पाणीच टाका!" काकू ओरडत होत्या आणि स्वतः पाणी टाकत होत्या, रिक्षा येईपर्यंत. दवाखान्यात नेलं त्यांनीच. डॉक्टरांना, उस्तादांना, बघायला आलेल्यांना, सगळ्यांना एकच सांगायच्या, "बटन म्या दाबलं. पोराचं काही नाही त्याच्यात."

आईला फोनवर मी जेवलो एवढंच सांगितलं, भाजल्याचं नाही. ते खरंच होतं. डबा काकूंकडून यायचा.

पाय बरे झाले. पिंडऱ्यांवरची कातडी अजून दुसऱ्या रंगाची आहे, तिथे बोट लावलं तर फारसं कळत नाही. पण दुकानात गेल्यावर समजलं की मला जोडकामाचा गॅस-टॉर्च पेटवता येत नाही. तांब्याची नळी जोडायला टॉर्च लागतोच. मी तो हातात घ्यायचो आणि हात तसाच राहायचा. भीती वाटली असती तरी बरं, तेही नव्हतं. आत काही हलायचंच नाही. उस्ताद रागावले नाहीत. त्यांनी मला एसीचे फिल्टर धुवायला बसवलं. मी फिल्टर धुवायचो आणि मनात हिशेब करायचो की फिल्टर धुणाऱ्या माणसाला ते किती दिवस ठेवून घेतील.

मग एक दिवस उस्ताद म्हणाले, "अड्याळच्या काकूचा फ्रीझर अजून बंदच हाय."

मला वाटलं होतं तो कधीच दुरुस्त झाला असेल. उस्ताद स्वतः दोनदा जाऊन आले होते, काकूंनी दोन्ही वेळा त्यांना लस्सी पाजून परत पाठवलं होतं. ऐन सीझनमध्ये बर्फावर धंदा रेटत होत्या. "म्हणते, ज्यानं खोलला तोच जोडन. मी काय करू आता? डोकं फिरलं तिचं."

मी गेलो. का गेलो ते नीट सांगता येणार नाही. नाही म्हणायलाही काहीतरी लागतं, ते नव्हतं.

काकूंनी दोन्ही दारं सताड उघडली होती. कूलरचा प्लग काढून वायर खिळ्याला टांगली होती. पुढच्या दारात स्टूल टाकून त्या पदर डोक्यावर घेऊन बसल्या, भर उन्हाच्या झळांत. एक ओळखीचा माणूस बिडी ओढत पाण्याची बाटली घ्यायला आला.

"ए भाऊ, तिकडंच थांब! बिडी विझव पयले."

"काहून जी काकू, पोट्ट्याची राखण करून राहिल्या काय?"

"हो, करून राहिली. तुले का तरास? पाणी उद्या पेजो."

तो हसत गेला. मी काम करत राहिलो. पाइप अंगणात, उरलासुरला गॅस बाहेर, मग नायट्रोजन सोडून नळी आतून धुऊन घेतली. गॅस असला की वाजणारा डिटेक्टर जमिनीलगत फिरवला, फ्रीझरखाली, कोपऱ्यात, उंबऱ्यापाशी. तो गप्प होता. मी पुन्हा फिरवला. पुन्हा गप्प. मग टॉर्च हातात घेतला आणि तसाच बसलो.

"काहून थांबला?" काकू दारातून म्हणाल्या.

"भीती वाटत असेल," मी म्हणालो. माझंच मला खात्रीने सांगता येत नव्हतं.

"मले बी वाटते. म्हणून तर इथं बसली."

त्यांनी मागे वळून बघितलं नाही. उठल्याही नाहीत. मी लाईटर ओढला. ज्योत आली, छोटी, निळी. नळी लाल झाली, सांधा धरला. फार काही वाटलं नाही. मानेवरून घाम खाली गेला तेवढं कळलं, आणि खूप दिवसांनी काहीतरी कळलं म्हणून मी तो पुसला नाही.

साबणाच्या पाण्याने सांधा तपासला, गॅस वजन करून भरला, नळीचं तोंड बंद केलं, पुन्हा डिटेक्टर फिरवला. फ्रीझर सुरू झाला. काकू आत आल्या, झाकणावर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चाल, आता जेवून घे."

दुसऱ्या दिवशी उस्तादांनी मला टॉर्च दिला, फिल्टर स्वतः धुवायला घेतले. मी अजून त्यांच्याकडेच आहे, आणि आता कुणाच्याही घरी गेलो की आधी माणसांना बसवून सांगतो, दार का उघडं ठेवायचं ते. मशीन त्यानंतर.

काकूंचं माहेर दिघोरीला आहे. जेवताना त्यांनी सहज सांगितलं होतं की लग्नापासून आंब्याच्या दिवसांत त्या एकदाही तिकडे गेल्या नाहीत, कारण तेच दिवस कुल्फीचे. त्यांचा भाऊ दर वर्षी बोलावतो. मी कुल्फी विकलेली नाही, गिऱ्हाइकाशी बोलायचं म्हटलं तर माझी बोबडी वळते. तरी शिकून घेईन. एका मे महिन्यात त्यांना मी स्वतः दिघोरीच्या गाडीत बसवून देणार आहे, आणि त्या परत येईपर्यंत दुकान चालवणार आहे. त्यांना अजून सांगितलेलं नाही.