कोपऱ्यातला लाल ठिपका

थोरली लेक घरच्या शेताचे नकाशे काढी. कुठल्या तुकड्याला किती खत, हे तिचा कॉम्प्युटर ट्रॅक्टरला सांगे. कोपऱ्यातला एक लाल ठिपका मात्र तिचा पिच्छा सोडत नव्हता. कापणी यंत्राच्या नोंदीत तिथलं उत्पादन शून्य दिसे, म्हणून ती दुप्पट खत लावी आणि पीक माजून आडवं होई.

"यंदा लोळलं तर तुझे नकाशे बंद," वडिलांनी बजावलं.

तिने ठिपक्यावर बोट ठेवलं. "बाबा, कापणीच्या वेळी तुम्ही या कोपऱ्यात काय करता?"

"जेवतो. मशीन चालूच ठेवतो, केबिन गार राहते."

म्हणजे रिकामं मशीन तासभर शून्य नोंदवत होतं. तिने ठिपका पुसला.

"तीन वर्षं माझ्या डब्याला खत घातलंस होय गं?"

"तब्येतीवरून दिसतंच आहे."

वडिलांनी पोट आत ओढलं आणि नवा नकाशा ट्रॅक्टरवर चढवायला पेन ड्राइव्ह मागितला.