शिट्टीवाल्याची कलिंगडं

मास्तरीणबाईंच्या ओल्या कचऱ्याच्या डब्यात सगळ्यात वर कलिंगडाची दोन अर्धुकं पडली होती. पिवळीधमक, रसरशीत, साधा चमचासुद्धा न लागलेली. शिट्टीवाल्याने डबा उचलला तो हातातच राहिला. फाटकातून मास्तरीणबाई म्हणत होत्या, "कलिंगड फार गोड होतं हो. घरच्या फळाची गोष्टच वेगळी." त्याने मान हलवली, डबा गाडीत उपडा केला आणि परत ठेवायचं विसरून तो रिकामा डबा घेऊन पुढच्या घरापर्यंत चालत गेला.

पुढचं घर चष्मेवाल्याचं. तो दुकानाचं कुलूप शोधत बाहेर आला आणि कुलुपाआधी त्याने कलिंगडाची तारीफ केली. साखर होती म्हणे, नुसती साखर. ती साखर त्याच्याच डब्यात वर्तमानपत्रात गुंडाळून, वर दोरा बांधून ठेवलेली होती. वर्तमानपत्र ओलं होऊन फाटलं होतं आणि आतून पिवळं दिसत होतं. गल्लीच्या टोकापर्यंत हेच. तोंडावर गोड आणि डब्यात आख्खी अर्धुकं.

शिट्टीवाला म्हणजे कचऱ्याच्या गाडीचा ड्रायव्हर. डबे उचलणारा माणूसही तोच, कारण जोडीला माणूस देतो देतो म्हणून खात्याने कधी दिलाच नव्हता. गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवून तो अशी शिट्टी फुंकायचा की गाढ झोपलेल्या माणसाचाही पाय आधी डब्याकडे वळावा. त्याचं खरं नाव गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांनी आता कोणत्या तोंडाने विचारायचं, म्हणून कुणी विचारतही नव्हतं. गल्लीने त्याला बरंच काही दिलं होतं. उसवलेले स्वेटर, एका काट्याचं घड्याळ, झाकण नसलेला थर्मास. त्याने गल्लीला कधी काही दिलं नव्हतं, कारण डबे रिकामे करणं हे देण्यात मोडत नाही. ही गोष्ट त्याला खुपायची.

म्हणून ही कलिंगडं. गेल्या वर्षी त्याच्या वाटेवरच्या रोपवाटिकावाल्याने त्याला उरलेल्या बियांचं एक पाकीट दिलं होतं. जरा वेगळं वाण आहे, लावून बघा, एवढंच सांगितलं होतं. घरामागे दोन खाटा मावतील एवढी जागा. तिथे मोडक्या पलंगाची जाळी भिंतीला उभी टेकवून त्याने वेल चढवले. सकाळी ड्युटीला जायच्या आधी नर फूल तोडून मादी फुलाला हलकेच टेकवायचं, हेही तो शिकला. पहिल्या वर्षी दोनच फळं धरली, त्यातलं एक कोवळं असतानाच गळालं. दुसरं त्याने कापलं, अर्धं उभ्या उभ्या खाल्लं आणि अर्धं बायकोसाठी झाकून ठेवलं. पहिल्या घासाला तो रंग बघून दचकला होता, पण दुसऱ्या घासाला ते विसरलाही. असली गोडी त्याने जन्मात चाखली नव्हती. बायकोनेही संध्याकाळी इस्पितळाच्या धोबीखान्यातून आल्यावर खाल्लं आणि गोड आहे म्हणाली. यंदा वेल फळांनी लगडला. प्रत्येक फळाला त्याने जुन्या बनियनची झोळी शिवून टांगली. देठाजवळचा कुरळा तंतू वाळला की फळ तयार. तोवर तो रोज ते तंतू असे बघायचा की बायको म्हणायची, माझ्या तापाला कधी इतकं बघितलं नाहीत.

वाटायचा दिवस रविवार, सुट्टीचा. इस्त्रीचा शर्ट, दोन पिशव्या भरून कलिंगडं, आणि गल्लीत शिरल्यावर त्याची पंचाईत झाली. एवढ्या वर्षांत तो कुणाच्या दारात गेलाच नव्हता. दारं त्याच्याकडे यायची. हाक मारावी तर कुणाला काय म्हणून? शेवटी सवयीने त्याने खिशातली शिट्टी काढली आणि फुंकली. झालं. सगळी गल्ली डबे घेऊन धावत बाहेर. रविवारी गाडी कशी, आणि गाडी आहे कुठे, म्हणून एकच गोंधळ उडाला. त्याच गोंधळात त्याने "घरची आहेत" एवढंच पुटपुटत एकेकाच्या हातात कलिंगड दिलं. लोक एका हातात डबा आणि एका हातात कलिंगड घेऊन घरात गेले. त्या दिवशी घरी येताना तो गाणं गुणगुणत होता.

आणि मंगळवारी, गाडीच्या पुढच्याच फेरीला, हे.

त्याचं डोकं चालेना. कचरा वाचण्यात त्याचा हातखंडा होता. कुणाकडे पाहुणे आलेत, कुणाचं पथ्य सुरू झालंय, कुणाच्या घरात भांडण होऊन कपबश्या फुटल्यात, सगळं त्याला डबा सांगायचा. आता डबा काही सांगत होता आणि माणसं काही भलतंच. त्याने हाताकडे पाहिलं. गाडी धुवून झाल्यावर तो साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचा, पण लोकांना ते कुठे दिसतं? कचरा उचलणाऱ्या हातचं फळ कोण खाणार, असा त्याने निष्कर्ष काढला. पण मग गोड होतं म्हणून का सांगितलं? किळस येणारा माणूस मुद्दाम फाटकापर्यंत कशाला येईल? आणि खोटं बोलले म्हणावं, तर ज्याचं मन राखायला खोटं बोलायचं त्याचीच किळस कशी? एक टोक हाती आलं की दुसरं निसटायचं. रात्री जेवताना तो दोनदा पाणी प्यायला उठला आणि दोन्ही वेळा पाणी न पिताच परत आला.

त्याला एकच कळत होतं. या गल्लीत आपण माणूस आहोत की नुसती गाडी, हे त्याला आजवर ठाऊक आहे असं वाटत होतं, आणि आता ते ठाऊक नव्हतं.

मुकादम कधीपासून त्याच्या मागे लागला होता की शेडवर ये, कचरा वेगळा करायच्या कामावर माणूस हवाय, बसून काम आहे, डोक्यावर पंखा आहे. आमच्या गल्लीचं काय होईल, म्हणून तो टाळत आला होता. बुधवारी तो आपणहून गेला आणि हो म्हणाला. मुकादमाला वाटलं, याची तब्येत बरी नसावी.

शुक्रवारी बायकोने त्याला धरलं. वेलाला दोन दिवस पाणी नाही, झोळीत शेवटचं कलिंगड तंतू वाळून लटकतंय आणि हा भिंतीकडे तोंड करून बसलाय. त्याने सगळं सांगितलं. ती इस्त्रीची घडी घालावी तसं नीट ऐकत होती.

"टाकलेलं कापलेलं होतं की आख्खं?"

"कापलेलं. सगळ्यांचंच."

"मग हाताची किळस कुठून आली? खायचं नव्हतं तर सुरी कशाला खराब केली असती?"

डबा वाचणाऱ्या माणसाच्या हे लक्षात येऊ नये, याचं त्यालाच नवल वाटलं. ती मात्र आता हसू दाबत होती आणि ते तिला जमत नव्हतं.

"अहो, कापल्यावर आत पिवळं निघालं असेल. त्यांना वाटलं कच्चं आहे, नाहीतर नासलंय. तुम्ही सांगितलंत का, की ते पिवळंच असतं म्हणून?"

"त्यात सांगायचं काय? खाल्ल्यावर कळतंच."

"नाही कळत. मी गेल्या वर्षी माझं अर्धं वेलाच्या मुळाशी पुरलं होतं."

"तू गोड होतं म्हणालीस."

"तुमचा चेहरा बघून म्हणाले. यंदा समोर बसून भरवलंत, तेव्हा खरं कळलं."

आता त्याला हसावं की रागवावं हेच समजेना. हात निर्दोष सुटले म्हणून जीव भांड्यात पडला होता आणि बायको वर्षभर खोटी निघाली म्हणून तो पुन्हा वर आला होता. त्याने रागवायचं ठरवलं, तेवढ्यात त्याला हसू फुटलं. मग त्याला शेड आठवली. मुकादमाने कागद पुढे पाठवून नवा माणूसही नेमला होता. आता ते फिरणार नव्हतं.

शनिवार त्याचा गल्लीतला शेवटचा दिवस. ड्रायव्हरच्या सीटवर शेवटचं कलिंगड होतं. मास्तरीणबाई डबा घेऊन आल्या तेव्हा त्याने हातमोजे काढले, बाटलीच्या पाण्याने हात धुतले आणि गाडीच्या दांडीवर कलिंगड टेकवून त्यांच्यादेखत कापलं.

"बाई, हे आतून पिवळंच असतं. कच्चं नाही."

मास्तरीणबाईंचा चेहरा वर्गात चुकीचं गणित शिकवताना पकडल्यासारखा झाला. उत्साहाच्या भरात तुम्ही कच्चंच तोडलं असेल, म्हटलं सांगून कशाला मन मोडा, असं त्या हळूच म्हणाल्या. त्याने फोड पुढे केली. ताटली नव्हती, त्याच्या बोटांतच होती. त्यांनी ती घेतली आणि फाटकात उभ्यानेच खाल्ली. हनुवटीवरून रस ओघळला तो पदराने न पुसता मनगटाने पुसला. मग न विचारता दुसरी फोड उचलली.

"चार दिवस मी फुकट खोटं बोलले," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी मोठं आणा."

तेव्हा त्याला सांगावं लागलं की मंगळवारपासून दुसरा माणूस येईल. मास्तरीणबाईंनी कारण विचारलं. बसून काम आहे, पंखा आहे, असं तो म्हणाला. खरं कारण सांगायचं त्याच्या जिभेवर आलं होतं, पण त्यांच्या हातातली साल त्याने पाहिली, पांढरी होईपर्यंत कुरतडलेली, आणि त्याने तिसरी फोड पुढे केली.

"गाडी जाईना का," त्या म्हणाल्या. "तुम्ही या. रविवारी या. पण ती शिट्टी नका वाजवू, अख्खी गल्ली डबे घेऊन धावते. बेल वाजवा."

त्याने फाटकाकडे पाहिलं, मग खांबाकडे, मग भिंतीवरच्या पाटीकडे. पंधरा-सोळा वर्षं तो या फाटकाशी उभा राहिला होता.

"बाई," तो म्हणाला, "बेल कुठे आहे?"